उसकी, तिची आणि ‘हर’

‘राहुल अँड हर सिस्टर वेंट टु द फेअर.’ सहावी-सातवीच्या वहीत हे वाक्य ग्वाल्हेरमध्ये सहज सापडतं. शिक्षक ‘हर’वर लाल रेघ मारतात आणि वर ‘हिज’ लिहितात. मूल ते पाच वेळा लिहून काढतं. पुढच्या आठवड्यात त्याच वहीत ‘मीना अँड हिज ब्रदर’ येतं. आता मीना मुलगी आहे हे त्याला ठाऊक असतं. ‘ही’ म्हणजे तो आणि ‘शी’ म्हणजे ती हेही त्याला पहिलीपासून पाठ असतं. तरी चूक होते आणि दर वेळी एकाच दिशेने होते. बहीण आली की ‘हर’, भाऊ आला की ‘हिज’. जी चूक इतकी नियमित होते, तिच्यामागे नियम असतो. हा नियम मुलाने स्वतः शोधलेला नाही, त्याच्या हिंदीने त्याला दिलेला आहे.

हिंदीत ‘उसका भाई’ आणि ‘उसकी बहन’. यातला ‘का’ किंवा ‘की’ भावाकडे आणि बहिणीकडे पाहून ठरतो. भाऊ कुणाचा, राहुलचा की मीनाचा, हे ‘उस’वरून कळत नाही. त्यामुळे हिंदीत विचार करणारं मूल ‘बहन’ पाहतं, मनात ‘की’ येतो आणि हातून ‘हर’ लिहिलं जातं. इंग्रजीत गोष्ट बरोबर उलटी आहे. ‘हिज’ की ‘हर’ हे मालकाकडे पाहून ठरतं. त्याच्या मालकीचं काय आहे, बहीण आहे, भाऊ आहे की सायकल, याच्याशी इंग्रजीला कर्तव्य नाही.

आता मराठी पाहा. त्याचा भाऊ, त्याची बहीण, तिचा भाऊ, तिची बहीण. एकाच शब्दात दोन्ही बातम्या आहेत. पुढचा भाग, ‘त्या’ किंवा ‘ति’, मालक सांगतो. मागचा भाग, ‘चा’ किंवा ‘ची’, मालकीची गोष्ट सांगतो. हिंदीने यातला मागचा भाग घेतला, इंग्रजीने पुढचा. म्हणून ज्या मुलाच्या घरी मराठी आहे त्याला एवढंच सांगावं लागतं: मनात ‘त्याची बहीण’ म्हण आणि फक्त ‘त्या’कडे लक्ष दे. ‘त्या’ आला की ‘हिज’, ‘ति’ आली की ‘हर’. वर्षभर लाल रेघा मारून जे साधत नाही ते मराठीतली ही चार रूपं फळ्यावर लिहिली की बहुतेकांच्या ध्यानात येतं. वर्गातल्या ज्या मुलांना मराठी येत नाही त्यांनाही ती फळ्यावर पाहून मुद्दा कळतो.

या प्रकरणात ग्वाल्हेर घेण्याचं कारण इथेच आहे. इथल्या मराठी घरातल्या मुलाकडे इंग्रजी शिकताना आधीच दोन व्याकरणं असतात, घरातलं आणि गल्लीतलं. दौलतराव शिंद्यांनी १८१०मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर हे शहर झालं. सरदार, कारकून, भिक्षुक, गवई, सावकार अशी मराठी माणसं त्या छावणीबरोबर आली आणि राहिली. चिटणीस की गोठ, फालका बाजार, दौलतगंज, शिंदे की छावनी ही नावं आजही त्यांची आठवण देतात. नावं मराठी माणसांची, त्यांना जोडणारा ‘की’ हिंदीचा. इथल्या मराठी घरांत आईशी मराठी, दारात भाजीवाल्याशी हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी असा दिवस जातो. १९२८मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आणि १९६१मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. कुसुमावतीबाई त्या संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि पेशाने नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक. मराठीची समीक्षा आणि इंग्रजीचं अध्यापन त्यांनी एकाच आयुष्यात, एकमेकांच्या आड येऊ न देता केलं.

इंग्रजी इथे आलं ते संस्थानातून. माधवराव शिंद्यांनी १८९७मध्ये सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे किल्ल्यावरची सिंदिया स्कूल झाली. खाली शहरात व्हिक्टोरिया कॉलेज होतं, जे आज महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने चालतं. अटलबिहारी वाजपेयी तिथलेच विद्यार्थी. आता जिवाजी विद्यापीठ आहे, एमपी बोर्ड आहे, स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत, आणि या सगळीकडे इंग्रजीचे तेच ते प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं पुस्तकांत नियम म्हणून दिलेली असतात. माझ्या मते ती उत्तरं आपल्याच भाषांमध्ये शोधली तर लवकर सापडतात आणि जास्त टिकतात.

मराठी माणसाने इंग्रजी व्याकरण पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा ते याच वाटेने घेतलं होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं, तेव्हा त्यांच्यासमोर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मरे मूळचे अमेरिकेतले वकील, पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाले आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी १७९५मध्ये ते पुस्तक लिहिलं. म्हणजे यॉर्कच्या मुलींसाठी आखलेला साचा मराठीच्या पहिल्या मोठ्या व्याकरणाला कामी आला. मग दुसऱ्या एका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, इंग्रजी वाचायचं, मराठी करायचं. कित्येक पिढ्या या पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पुढे तिला रटाळ ठरवून बाजूला सारलं गेलं आणि ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिका’ असा आग्रह सुरू झाला. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण घरोघरी आलं. यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पी. सी. रेन, ‘बो जेस्ट’ ही १९२४ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. पुस्तक उत्तम आहे, आजही खपतं. पण ते मुळात ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात होतं अशा मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं होतं. आपल्या मुलाला ‘हर सिस्टर’ का लिहावंसं वाटतं, हे त्यात सापडणार नाही.

आता प्रश्नांकडे वळू.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा. ‘आय ॲम लिव्हिंग इन ग्वालियर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य नोकरीच्या मुलाखतीतही ऐकू येतं. हिंदीत दोन्हीकडे एकच ‘से’ आहे: सोमवार से, दस साल से. त्यामुळे हिंदीला यात फरक करण्यासारखं काही दिसतच नाही. मराठीला दिसतं. ‘सोमवारपासून’ आणि ‘गेली दहा वर्षं’ या मराठीच्या दोन वेगळ्या रीती आहेत. जिथे ‘गेली’ किंवा ‘गेले’ म्हणून ‘पासून’ गाळता येतं तिथे ‘फॉर’. गेली दहा वर्षं, गेले तीन महिने, गेला तासभर. जिथे ‘पासून’ गाळताच येत नाही तिथे ‘सिन्स’. सोमवारपासून, लहानपणापासून, २०१०पासून. ‘दहा वर्षांपासून’ असंही मराठीत म्हटलं जातं, महाराष्ट्रातही म्हणतात, आणि हिंदीच्या शेजारात राहणाऱ्यांच्या तोंडी तर ते पक्कं बसलेलं असतं. चूक म्हणून त्याला हटकायचं कारण नाही. पण इंग्रजी लिहिताना ‘गेली’ बसतंय का, एवढं पाहून घ्यावं.

त्याच वाक्यातली दुसरी अडचण काळाची आहे. ‘मी गेली दहा वर्षं इथे राहतोय’ यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि ‘रह रहा हूँ’ही तसंच. इंग्रजी मात्र ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हणतं. जी गोष्ट मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे, तिच्यातला मागचा तुकडाही इंग्रजीला क्रियापदात दाखवायचा असतो. आपल्या दोन्ही भाषा ते काम ‘गेली’ आणि ‘से’ यांच्यावर सोपवतात आणि क्रियापद मोकळं ठेवतात. इथे घरच्या भाषेची मदत होत नाही, हा फरक लक्षात ठेवूनच शिकावा लागतो.

मराठी प्रत्येक ठिकाणी हिंदीपेक्षा उपयोगी पडते असं मुळीच नाही. ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्यांचं पाहा. ‘मैं जानता हूँ’ यातला शेवटचा ‘हूँ’ मुलाला ‘ॲम’ वाटतो, मग ‘जानता’चं ‘नोइंग’ करावं लागतं. पण याच चुकीवरची सर्वांत सोपी कसोटीही हिंदीतच आहे. हिंदी चालू क्रिया ‘रहा’ या स्वतंत्र शब्दाने दाखवते. वाक्यात ‘रहा’, ‘रही’, ‘रहे’ असेल तरच इंग्रजीत ‘इंग’ लावायचं. ‘जानता हूँ’मध्ये ‘रहा’ नाही, म्हणून ‘आय नो’. ‘रोज़ स्कूल जाता हूँ’मध्ये ‘रहा’ नाही, म्हणून ‘आय गो’. ‘खाना खा रहा हूँ’मध्ये आहे, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बिनचूक. ‘मेरे दो भाई हैं’मध्ये ‘रहा’ येऊच शकत नाही, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. मराठीत ‘तो’ आणि ‘तोय’ यांत तोच भेद आहे, पण तो कानाला निसटता लागतो आणि लिहिताना पुष्कळदा गळतो. शिवाय मराठीत ‘मला वाटतंय’, ‘मला कळतंय’ सर्रास चालतं. हिंदीतही ‘लग रहा है’ आहेच. तिथे ही कसोटी फसते आणि इंग्रजीचं ‘आय थिंक’, ‘आय अंडरस्टँड’ वेगळं पाठ करावं लागतं. अशा क्रियापदांची यादी लहान आहे, आठवडाभरात होते.

एका चुकीत मात्र दोन्ही भाषा हातात हात घालून मुलाला चुकवतात. ‘यस्टरडे आय हॅड गॉन टु भोपाल.’ हिंदी म्हणते ‘कल मैं भोपाल गया था’, मराठी म्हणते ‘काल मी भोपाळला गेलो होतो’. दोन्ही अगदी सहज, बिनचूक. म्हणून ‘था’चं आणि ‘होतो’चं ‘हॅड’ होतं. इंग्रजीत ‘काल’ म्हटलं की साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड’ एकटा येत नाही, त्याला नंतर घडलेली दुसरी गोष्ट सोबत लागते. ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा शताब्दी निघून गेली होती’ यात दोन घटना आहेत, गाडी आधी निघाली, मी नंतर पोचलो. इथे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. कालच्या भोपाळच्या फेरीत अशी दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ला जागा नाही.

या ‘गेलो होतो’मध्ये आणखी एक बारकावा दडला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की मराठी माणसाला बोलणारा परत आला हेही कळतं. ‘बाबा भोपाळला गेलेत’ म्हटलं की बाबा अजून तिकडेच आहेत. ‘बाबा भोपाळला जाऊन आलेत’ म्हटलं की ते घरी आहेत. इंग्रजीतल्या ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ या जोडीवर मुलं वर्षानुवर्षं अडखळतात, आणि ती जोडी म्हणजे अक्षरशः हीच: ‘गेलाय’ म्हणजे ‘हॅज गॉन’, ‘जाऊन आलाय’ म्हणजे ‘हॅज बीन’. दारात आलेल्या पाहुण्याला बाबा घरी आहेत की नाहीत हे सांगताना सात वर्षांचं मूलही या दोन रूपांत गोंधळ करत नाही. इंग्रजीच्या तासाला मात्र त्याच भेदासाठी त्याला नवा धडा घ्यावा लागतो, कारण हा भेद तुझ्याकडे आहे असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुढचा प्रश्न ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’चा. आपल्याकडे असे शब्द नाहीत, म्हणून हे जमत नाही, असं सांगितलं जातं. शब्द नाहीत हे खरं. पण त्यांचं काम आपल्या भाषा करत नाहीत हे खरं नाही. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं घ्या. शब्द तेच, क्रम बदलला. पहिल्यात कुठलंतरी पुस्तक आहे, ऐकणाऱ्याला ते नवं आहे. दुसऱ्यात तेच पुस्तक आहे ज्याबद्दल आधी बोलणं झालं, बहुधा ते कुणीतरी शोधतंय. इंग्रजीत पहिलं ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’, दुसरं ‘द बुक इज ऑन द टेबल’. हिंदीतही असंच होतं. म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ यांतला फरक आपण वाक्यातल्या जागेने करतो. नाम वाक्याच्या सुरुवातीला सरकलं आणि ऐकणारा ‘कोणतं?’ असं विचारणार नाही असं वाटलं, की ‘द’ची शक्यता फार मोठी. सगळी उदाहरणं यात बसत नाहीत, पण पायाचा विचार हाच आहे.

नावांपुढच्या ‘द’चे नियम मात्र रूढीचे आहेत आणि ते पाठच करावे लागतात. चंबळ नदी ‘द चंबल’, कारण नद्यांना ‘द’ लागतो. जिवाजी युनिव्हर्सिटीला लागत नाही. किल्ल्याचं नाव ‘ग्वालियर फोर्ट’ असं घेतलं की नको, नुसतं ‘किल्ल्यावर’ म्हटलं की ‘ऑन द फोर्ट’ नव्हे तर ‘ॲट द फोर्ट’, आणि ‘द’ हवाच. तानसेनच्या समाधीचं उदाहरण मुलांना आवडतं. ‘द टूम ऑफ तानसेन’ बरोबर, ‘तानसेन्स टूम’ बरोबर, ‘द तानसेन्स टूम’ चूक. ‘तानसेन्स’ म्हणताच कोणती समाधी हे ठरून गेलं, आता ‘द’ला काही काम उरत नाही. ‘माय’, ‘हिज’, ‘दिस’ यांच्यापुढेही ‘द’ येत नाही, त्याचं कारण हेच.

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नाला तर देवनागरीसारखं साधन नाही. पुस्तक सांगतं की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपुढे ‘ॲन’. मुलं तसं पाठ करतात आणि ‘ॲन युनिव्हर्सिटी’, ‘अ एमएलए’ लिहून येतात. खरा नियम उच्चाराचा आहे, अक्षराचा नाही, आणि उच्चार लिहून दाखवणं हेच देवनागरीचं काम आहे. शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘युनिव्हर्सिटी’त पहिला ‘य’ आहे, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे स्ट्रीट’मध्ये ‘व’, म्हणून ‘अ’. ‘अवर’मध्ये रोमन अक्षरांत एच असला तरी देवनागरीत ‘अ’ आहे, म्हणून ‘ॲन अवर’. ‘एमएलए’, ‘एफआयआर’, ‘एक्स-रे’, ‘एसपी’ या सगळ्यांपुढे ‘ॲन’, कारण सगळ्यांच्या तोंडाशी ‘ए’ आहे. ‘डीएसपी’पुढे ‘अ’, ‘यूपीएससी ॲस्पिरंट’पुढेही ‘अ’. आणि एमपी बोर्डाचा विद्यार्थी, ज्याला हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, तो स्वतः ‘ॲन एमपी बोर्ड स्टुडंट’.

यात एकच खड्डा आहे. वर्ष या अर्थाचा शब्द आपण मराठीत ‘इयर’ असा लिहितो आणि कानासाठीचा शब्दही जवळपास तसाच. इंग्रजीत वर्षाच्या शब्दाची सुरुवात ‘यि’ अशी आहे, ‘य’ स्पष्ट म्हणायचा. त्यामुळे वर्षाला ‘अ’ आणि कानाला ‘ॲन’. हा ‘य’ आपल्या बोलण्यात विरघळतो, म्हणून कानाला नीट सवय करावी लागते.

काही प्रश्न दोन ओळींत मिटणारे आहेत. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ चूक, ‘फ्रेंड्स’ हवं, कारण ‘वन ऑफ’ म्हणजे ‘पैकी एक’ आणि ‘पैकी’च्या मागे मराठीतही ‘मित्रां’ असं अनेकवचनच येतं. ‘डिस्कस अबाउट’ नको, ‘अबाउट’ त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. लग्न ‘विथ’ होत नाही, ‘टु’ होतं. ‘आज सकाळी’ म्हणजे ‘दिस मॉर्निंग’, ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’. ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने सुरुवात करू नये, ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ पुरतं. ‘है ना’ आणि ‘ना’ हे आपल्याकडे कुठल्याही वाक्याला चालतात, म्हणून ‘इजंट इट’ही सगळीकडे लावलं जातं. इंग्रजीत मात्र शेपूट वाक्याच्या कर्त्याप्रमाणे बदलतं: ‘यू आर फ्रॉम लश्कर, आरन्ट यू?’

कर्मणी प्रयोगाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे चूक मुलाची नसून शिकवण्याची आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ याला मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोग म्हणतात, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. चिंच असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. पुढच्याच तासाला इंग्रजीच्या ‘पॅसिव्ह व्हॉइस’ला मराठीत कर्मणी प्रयोग असं नाव दिलं जातं. मुलाने दोन्ही तास लक्ष देऊन ऐकले असतील तर तो ‘रामाने आंबा खाल्ला’चं इंग्रजी ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ असं करेल, आणि त्याच्या तर्काला नावं ठेवता येणार नाहीत. पण मराठीत साध्या भूतकाळात ‘खाणे’ म्हटलं की हीच रचना येते, दुसरा पर्याय नाही. इंग्रजीत ‘पॅसिव्ह’ ही निवड आहे, आंब्यावर भर द्यायचा असेल किंवा कुणी खाल्ला हे सांगायचं नसेल तेव्हाची. ‘राम एट अ मँगो’ हेच साधं भाषांतर. मराठीत खऱ्या ‘पॅसिव्ह’च्या जवळ जाणारं वाक्य ‘आंबा खाल्ला गेला’ हे आहे. या दोन गोष्टींना एकच नाव देणं थांबवलं तर मुलांचा बराच त्रास वाचेल.

मोठ्या वर्गांत आणि कचेऱ्यांत वेगळ्या जातीचे प्रश्न येतात. वाक्याचा शेवट ‘टु’, ‘विथ’, ‘ऑफ’ अशा शब्दांनी केला तर चालतो का? ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घातला तर? दोन्हींचं उत्तर ‘चालतं’ असं आहे. हे नियम इंग्रजीच्या अंगातले नाहीत, ते बाहेरून घातलेले आहेत. कवी ड्रायडन यांनी १६७२मध्ये बेन जॉन्सनच्या वाक्यांच्या शेवटी येणाऱ्या असल्या शब्दांवर आक्षेप घेतला. पुढे बिशप रॉबर्ट लाउथ यांनी १७६२च्या आपल्या व्याकरणात ही रीत बोलण्यात ठीक, भारदस्त लेखनात नको, असा सौम्य सल्ला दिला. एकोणिसाव्या शतकातल्या शाळामास्तरांनी सल्ल्याचा कायदा केला. मागे आदर्श उभा होता तो लॅटिनचा. लॅटिनमध्ये असे शब्द शेवटी येत नाहीत आणि क्रियापदाचं ‘टु’वालं रूप एकाच शब्दाचं असतं, मध्ये काही घालायला जागाच नाही. १९२६मध्ये फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात यातल्या पहिल्या नियमाला अंधश्रद्धा म्हटलं, तरी तो आपल्याकडच्या कचेऱ्यांत अजून पाळला जातो. मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटावं. आपल्याही व्याकरणात आठ विभक्त्यांचा तक्ता संस्कृतातून आला आणि मराठी प्रत्यक्षात कशी चालते याकडे पाहण्याआधी मुलांनी तो पाठ केला. एका भाषेचं माप दुसरीला लावलं की काही प्रश्न त्या मापामुळेच तयार होतात. त्यांना नियम म्हणून शिकवू नये, त्यांचा इतिहास सांगावा.

‘प्रीपोन’ चूक आहे का, असंही विचारतात. हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे, भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून नोंदलेला आहे, आणि या अर्थाने तो १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातही छापून आलेला सापडतो. बैठक ठरलेल्या वेळेच्या आधी घेतली हे एका शब्दात सांगता येत असेल तर तो शब्द का टाकावा? माझं मत असं की भारतात लिहिताना तो खुशाल वापरावा, परदेशी वाचकासाठी लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावं. ‘सिन्स टेन इयर्स’ला मात्र मी ही सवलत देणार नाही. ‘प्रीपोन’ने इंग्रजीत नसलेली सोय केली. ‘सिन्स टेन इयर्स’ने इंग्रजीत असलेला भेद पुसला.

आणि शेवटी लहान मुलांचा एक प्रश्न, ज्याला मोठी माणसं बहुतेक वेळा ‘तसंच असतं’ म्हणून उडवून लावतात. ‘यू’ जर एकटा आहे, तर त्याच्यापुढे ‘आर’ का? ‘ही इज’, ‘शी इज’, मग ‘यू इज’ का नाही?

याचं उत्तर ग्वाल्हेरच्या मुलाला दहा मिनिटांत देता येतं. इंग्रजीत एके काळी एका माणसासाठी ‘दाउ’ होता आणि अनेकांसाठी ‘यू’चं घराणं. मग मान द्यायचा म्हणून एकट्या माणसालाही ‘यू’ म्हणायला लागले, जसं आपण एकट्या पाहुण्याला ‘तुम्ही या’ म्हणतो आणि हिंदीत ‘आप आइए’ म्हणतात. क्रियापद अनेकवचनीच राहिलं, कारण मान अनेकवचनातूनच दिला जात होता. हळूहळू मान द्यायचा परीघ इतका वाढला की सतराव्या शतकाच्या अखेरीस सर्वसाधारण बोलण्यातून ‘दाउ’ जवळजवळ नाहीसा झाला आणि सगळेच ‘यू’ झाले. आपल्याकडे तो परीघ घरोघरी वेगळा आहे. मराठी घरातलं मूल आईला ‘तू’ म्हणतं, शेजारच्या हिंदी घरात आईला ‘आप’ म्हणतात, आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकून नवल वाटतं. ‘आप’ला ‘हैं’ लागतं, ‘तुम्ही’ला ‘आहात’ लागतं, ‘यू’ला ‘आर’ लागतं, तिघांचं कारण एकच.

मुलाचा प्रश्न किती रास्त आहे याला एक साक्षही आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातली शिकलेली माणसंसुद्धा एकट्या माणसाशी बोलताना ‘यू वॉज’ म्हणत आणि लिहीत, कारण त्यांनाही वाटे की माणूस एक तर क्रियापदही एकवचनी हवं. १७६२मध्ये बिशप लाउथ यांनीच ते चुकीचं ठरवलं, पाठ्यपुस्तकांनी त्यांची री ओढली आणि प्रमाण इंग्रजीतून ‘यू वॉज’ गेलं. इंग्लंडातल्या पुष्कळ बोलींमध्ये मात्र ते अजूनही ऐकू येतं.